कोरड्या हवेत शॅमेलिऑनचे पिल्लू: मराठवाड्यातील घरासाठी पाण्याचे आणि ओलाव्याचे नियोजन

मराठवाड्यात फेब्रुवारी संपत आला की घरातली हवा कोरडी पडू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांच्या खाली येते. माणसाला ओठ फुटणे आणि घसा कोरडा पडणे यांवरून हे कळते. पिंजऱ्यातल्या शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, पिल्लाला मात्र ते सांगता येत नाही, आणि त्याच्या शरीरावर खुणा दिसू लागतात तोवर पाण्याची तूट बरीच वाढलेली असते. पिल्लाचे वजन जेमतेम काही ग्रॅम असते, वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते आणि शरीरात पाण्याचा साठा फारसा नसतो. त्यामुळे पूर्ण वाढलेला प्राणी जो कोरडेपणा दोन-तीन दिवस सोसतो, तोच पिल्लाला एका दिवसात आजारी पाडू शकतो.

यावर बहुतेक पाळणारे जो उपाय करतात तो म्हणजे दिवसभर येता-जाता पिंजऱ्यावर पाणी मारणे. हा उपाय अपुरा आहे आणि काही वेळा घातकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सतत ओल्या, उबदार आणि कोंदट पिंजऱ्यात जिवाणू व बुरशी वाढतात आणि श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. पिल्लाला रात्री व पहाटे ओलसर हवा हवी, दिवसा पिण्यासाठी ठरावीक वेळी पानांवर थेंब हवेत आणि मधल्या वेळात पिंजरा पूर्ण वाळायला हवा. पुढील सर्व सूचना या एका क्रमावर आधारलेल्या आहेत.

आधी कायद्याची बाजू

आपल्या शिवारात, बाभळी-बोरींच्या कुंपणावर आणि पावसाळ्यात रस्ता ओलांडताना दिसणारा भारतीय शॅमेलिऑन हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे, विकत घेणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. तो जखमी अवस्थेत सापडला तर घरी न आणता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पाळीव म्हणून जे परदेशी शॅमेलिऑन ठेवले जातात, त्यांत येमेन व नैऋत्य सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करच्या उत्तर व पूर्व किनारपट्टीवरील पँथर शॅमेलिऑन हे दोन मुख्य आहेत. हे दोन्ही साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२२ मध्ये अधिनियमात झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे जिवंत प्राणी प्रजातींच्या नोंदणीविषयीचे नियम यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि पुढे जन्म, मृत्यू किंवा हस्तांतरण झाल्यास तेही कळवावे लागते. विक्रेता नोंदणीचे आणि मूळ खरेदीचे कागद दाखवत नसेल तर पिल्लू कितीही देखणे असले तरी घेऊ नये. वयाने तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लूही घेऊ नये, कारण त्याआधीच्या काळात त्याची निगा राखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते.

मोजमापाशिवाय सुरुवात करू नये

हवा कोरडी आहे की दमट, हे अंगाला जाणवण्यावरून ठरवू नये. दोन डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) घ्यावेत, ज्यांवर तापमानही दिसते. एक पिंजऱ्याच्या वरच्या तिसऱ्या भागात, दिव्याच्या थेट उष्णतेपासून बाजूला लावावा आणि दुसरा तळापासून वीतभर उंचीवर. स्वस्त यंत्रे दहा-पंधरा टक्क्यांनी चुकीचे आकडे दाखवू शकतात, म्हणून वापरण्यापूर्वी त्यांची घरच्या घरी तपासणी करावी. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घेऊन त्यात ते ओलसर होईल इतकेच थेंबभर पाणी घालावे, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत आठ तास ठेवावेत आणि मग आकडा वाचावा. तो ७५ टक्क्यांच्या जवळ असायला हवा. जितका फरक दिसेल तितका पुढच्या प्रत्येक वाचनात मिळवावा किंवा वजा करावा.

सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर बदलते, हे येथे समजून घेतले पाहिजे. खोलीत २८ अंशांना ४० टक्के आर्द्रता असेल आणि बाहेरून ओलावा न येता तीच हवा ३८ अंशांपर्यंत तापली, तर आकडा २३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्यामुळे आपल्याकडे ओलाव्याचा प्रश्न सोडवायचा असेल तर आधी उष्णतेचा सोडवावा लागतो. खोली थंड ठेवली की अर्धे काम पाणी न मारताच होते.

दिवसा व्हेल्डसाठी ३० ते ५० टक्के आणि पँथरसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरेशी असते. लहान पिल्लांसाठी या मर्यादांच्या वरच्या बाजूला राहावे. रात्री हवा थंड असेल तर ८० टक्के किंवा त्याहून अधिक आर्द्रता चालते. येमेनच्या डोंगराळ भागात दिवस कोरडा गेला तरी रात्री धुके उतरते आणि पहाटे पाने दवाने भिजतात. व्हेल्ड शॅमेलिऑनचे शरीर या चक्राला सरावलेले आहे. पिल्लासाठी उन्हाच्या (ऊब देणाऱ्या) दिव्याखालील जागा २७ ते २९ अंश, पिंजऱ्याचा इतर भाग २२ ते २६ अंश आणि रात्रीचे तापमान त्याहून कमी असावे. संपूर्ण पिंजराच ३२-३३ अंशांवर गेला आणि प्राण्याला पळून जायला थंड कोपरा उरला नाही, तर पाणी कितीही दिले तरी उपयोग होत नाही.

खोली आणि पिंजरा

पिंजरा कोठे ठेवायचा हा निर्णय मे महिना डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा, डिसेंबर नव्हे. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली आणि पत्र्याचे छप्पर असलेली खोली टाळावी. तळमजल्यावरची, उत्तर किंवा पूर्व बाजूची खोली सर्वांत चांगली. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर आणि देवघरात उदबत्ती व धूप यांचा त्रास होतो, तेव्हा या दोन्ही जागा नकोत. डासांसाठी कॉइल किंवा द्रवाचे यंत्र लावले जाते त्या खोलीतही पिंजरा ठेवू नये. खिडक्यांना जाळी बसवणे हा त्यावरचा खरा तोडगा आहे. पिंजरा टेबलावर किंवा उंच स्टँडवर असावा, कारण माणूस वरून डोकावला की शॅमेलिऑन घाबरतो आणि घाबरलेले पिल्लू पाणी पीत नाही.

पिल्लासाठी सुमारे ४० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच पिंजरा पुरतो. परदेशी मार्गदर्शनात चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा सुचवलेला आढळतो आणि दमट हवेच्या गावांसाठी ते योग्यही आहे, पण लातूर-परभणीच्या कोरड्या हवेत असा पिंजरा मारलेला ओलावा दहा-पंधरा मिनिटांत उडवून टाकतो. यासाठी मागची बाजू आणि दोन्ही कडा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या किंवा जाड प्लास्टिकच्या पत्र्याने झाकाव्यात. वरची जाळी मात्र पूर्ण उघडी ठेवावी आणि समोरच्या बाजूला तळाशी चार-पाच बोटांची जाळीची पट्टी मोकळी सोडावी. दिव्याने तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत ओढली जाते, त्यामुळे ओलावा टिकूनही हवा कोंदत नाही. काचेचा बंद मत्स्यपात्रासारखा डबा कोणी फुकट दिला तरी वापरू नये.

पिंजऱ्यातील जिवंत झाडे हा ओलाव्याचा सर्वांत शांत आणि स्वस्त स्रोत आहे, कारण पाने स्वतःच बाष्प सोडतात आणि थेंब धरून ठेवतात. मनीप्लांट, जास्वंद आणि शेफ्लेरा या तीन झाडांवर निभावते. व्हेल्ड शॅमेलिऑन पाने खातो, म्हणून रोपवाटिकेतून आणलेले झाड लगेच आत ठेवू नये. त्यावर कीटकनाशक मारलेले असण्याची शक्यता धरून पाने दोन-तीनदा धुवावीत, माती बदलावी आणि काही आठवडे ते बाहेर वाढू द्यावे. कुंडीतील माती मोठ्या गोट्यांनी झाकावी. बसण्यासाठी पेरूच्या किंवा जास्वंदीच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक अशा आडव्या फांद्या वेगवेगळ्या उंचीवर बांधाव्यात; कण्हेर, रुई आणि शेर यांच्या फांद्या विषारी चिकामुळे वर्ज्य आहेत. तळाशी माती किंवा भुसा न पसरता भोके पाडलेला ट्रे ठेवावा आणि त्याखाली पाणी साठवणारे दुसरे भांडे ठेवून ते रोज रिकामे करावे. हे निथळलेले पाणी अंगणातल्या झाडांना घालता येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

एका पिंजऱ्यात एकच पिल्लू ठेवावे. दोन भावंडे एकत्र ठेवली तर दबलेले पिल्लू वरच्या फांदीवर येत नाही, थेंबांपर्यंत पोहोचत नाही आणि पाणी भरपूर असूनही सुकत जाते.

कोणते पाणी वापरावे

मराठवाड्यात बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी इतके जड असते की पानांवर आणि जाळीवर पांढरे डाग उमटतात. हे पाणी फवारणीच्या नळीची छिद्रे बुजवते आणि अल्ट्रासॉनिक फॉगरमध्ये (धुके सोडणाऱ्या यंत्रात) घातले तर क्षारांची बारीक पांढरी धूळ हवेत सोडते, जी पिल्लाच्या आणि आपल्याही फुप्फुसांत जाते. फॉगरसाठी आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरावे. फवारणीला घरोघरी येणाऱ्या जारचे पाणी चालते. नगरपालिकेचे नळाचे पाणी असेल तर उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून क्लोरीन उडाल्यावर घ्यावे. टँकरचे पाणी कोठून भरले आहे याची खात्री नसेल तर ते उकळून गार केल्याशिवाय पिंजऱ्यात जाऊ देऊ नये.

पाण्याच्या तापमानाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते, आणि डिसेंबरच्या पहाटे तेच पाणी अंगावर काटा आणते. फवारणीचे पाणी आदल्या रात्रीच खोलीत भरून ठेवावे, म्हणजे ते खोलीच्या तापमानावर येते.

फवारणीचा पंप नवाच घ्यावा, हे येथे ठासून सांगावेसे वाटते. शेतकरी कुटुंबात एखादा लहान हातपंप सहज सापडतो आणि तो तीन वेळा धुतला की स्वच्छ झाला असे वाटते. कापसावर किंवा तुरीवर वापरलेल्या औषधाचा अंश रबरी वॉशरमध्ये आणि नळीत राहतो, आणि काही ग्रॅम वजनाच्या पिल्लाला तेवढा पुरतो.

रोजचा क्रम

बहुतेक शॅमेलिऑन वाटीतले स्थिर पाणी पाणी म्हणून ओळखत नाहीत. ते पानावरून ओघळणारे, चमकणारे थेंब जिभेने टिपतात. पिंजऱ्यात ठेवलेली वाटी बुडण्याचा आणि जंतूंचा धोका मात्र वाढवते. खाली दिलेला क्रम दिवे सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला विझतात असे धरून आहे. आपल्या घरच्या वेळेप्रमाणे तो पुढेमागे करावा.

दिवसाची पहिली फवारणी दिवे लागण्यापूर्वी, साडेसहाच्या सुमारास करावी. बारीक तुषार उडवणाऱ्या पंपाने पाने, फांद्या आणि मागची भिंत तीन ते चार मिनिटे भिजवावी. पाणी थेट पिल्लाच्या तोंडावर मारू नये. पिंजऱ्याच्या वरच्या बाजूने मारलेले तुषार त्याच्यावर हलके उतरले तर चालते. अंगावर तुषार पडले की पिल्लू आधी डोळे फिरवून स्वच्छ करते, मग हळूहळू जवळचे पान चाटू लागते. अनेक पिल्ले तीन-चार मिनिटे गेल्यावरच पिणे सुरू करतात, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या फवारणीने पिंजरा ओला झाला तरी प्राणी तहानलेला राहतो. दिवे लागल्यावर तास-दीड तासात पाने कोरडी झाली पाहिजेत. ती झाली नाहीत तर वायुवीजन कमी आहे, आणि वीस मिनिटांत झाली तर बाजू पुरेशा झाकलेल्या नाहीत.

खाणे आटोपल्यावर, दहा-अकराच्या सुमारास पिल्लासाठी मिनिटभराची हलकी फवारणी करावी. मोठ्या प्राण्याला तिची गरज नसते.

दुपारी फवारणीपेक्षा थेंब सोडणे अधिक उपयोगी ठरते. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा, न वापरलेला संच आणावा, पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या वर ठेवून नळीचे टोक वरच्या पानांवर सोडावे आणि चाकाने वेग असा ठेवावा की दर एक-दोन सेकंदांनी एक थेंब पडेल. थेंब एका पानावरून दुसऱ्यावर ओघळत खाली जाईल अशी पानांची रचना करावी. अर्धा तास हे चालू ठेवले की पिल्लू आपल्या वेळेने येऊन पिते आणि पिंजऱ्याची हवाही फार दमट होत नाही. पुण्या-मुंबईत हजारो रुपयांची स्वयंचलित यंत्रे लावली जातात. ती वाईट नाहीत, पण भारनियमनाच्या दिवसांत बाटली आणि नळी कधी बंद पडत नाही.

संध्याकाळी दिवे विझल्यावर पुन्हा दोन-तीन मिनिटे फवारणी करावी. या वेळी पिल्लू झोपायला फांदीच्या टोकाशी गेलेले असते, त्याला हलवू नये. रात्री बाजू झाकलेल्या असल्याने हा ओलावा काही तास टिकतो आणि झोपेत श्वासावाटे होणारा पाण्याचा ऱ्हास कमी होतो. रात्री फॉगर लावायचा की नाही हे ऋतूवर अवलंबून आहे आणि त्यात चूक करू नये.

पंप, बाटली आणि नळी आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरने धुवून, साध्या पाण्याने खळबळून, उन्हात वाळवावी. फॉगर दोन-तीन दिवसांनी रिकामा करून पुसावा. त्यात साचलेल्या पाण्यातले जंतू तो थेट हवेत पसरवतो.

ऋतूप्रमाणे बदल

डिसेंबर आणि जानेवारीत रात्री घरातील तापमान २० अंशांच्या खाली येते. फॉगर वापरण्याचा हाच योग्य काळ आहे. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत तो अधूनमधून चालवला आणि आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर नेली, तर पिल्लू थंड धुके श्वासात घेते आणि सकाळी त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग स्वच्छ दिसतो. दिवसा खोलीत हीटर लावू नये, त्याने हवा आणखी सुकते. दिव्याखालची ऊब पुरेशी असते.

मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंतचा काळ सर्वांत कठीण आहे. मे महिन्यात रात्रीही खोली २६-२८ अंशांच्या खाली येत नाही. अशा उबदार हवेत फॉगर लावून आर्द्रता ९० टक्क्यांवर नेली तर श्वसनसंसर्गाला आमंत्रण मिळते. खोलीचे तापमान २२ अंशांपेक्षा जास्त असेल तेव्हा फॉगर बंदच ठेवावा आणि रात्री ५५ ते ६५ टक्क्यांवर समाधान मानावे. परदेशी तक्त्यांतले शंभर टक्के गाठण्याचा हट्ट आपल्या मे महिन्यात करू नये.

या काळात आपल्याकडचा कूलर हे सर्वांत उपयुक्त साधन आहे, कारण तो एकाच वेळी उष्णता उतरवतो आणि ओलावा वाढवतो. बाहेर ४० अंश आणि कोरडी हवा असताना चांगल्या ओल्या पॅडचा कूलर खोली २७-२८ अंशांपर्यंत आणू शकतो. त्याचा झोत पिंजऱ्यावर मात्र पडू नये, तो विरुद्ध भिंतीकडे वळवावा. समोरची खिडकी किंचित उघडी ठेवावी, नाहीतर खोली दमट आणि उबदार होऊन कूलरचा गारवाच नाहीसा होतो. टाकीतले पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. त्यात डासांची औषधे किंवा सुगंधी द्रव्ये टाकू नयेत. एसी असेल तर तो उष्णता उतरवतो, पण हवेतला ओलावाही ओढून घेतो. त्या खोलीत दुपारचे थेंब तासभर चालू ठेवावेत आणि हायग्रोमीटरकडे दिवसातून तीन-चार वेळा पाहावे. कूलर आणि एसी दोन्ही नसतील तर खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा धुतलेली ओली पोती लावण्याची जुनी पद्धत आजही काम करते. पोती खताची किंवा औषधाची नसावीत, एवढी काळजी घ्यावी.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा दिवा बंद ठेवण्याचे धाडस दाखवावे लागते. पुस्तकात दिवा आवश्यक लिहिला आहे म्हणून खोली ३१ अंशांवर असतानाही तो चालू ठेवणारे पाळणारे मी पाहिले आहेत. खोली २९ अंशांच्या वर गेली की उष्णतेचा बल्ब बंद करावा आणि प्रकाशासाठी एलईडी व यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) नळीच चालू ठेवावी. वीज गेल्यास पिंजरा घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत हलवावा, पिंजऱ्याभोवती ओले सुती कापड सैल गुंडाळावे, पण वरची बाजू उघडी ठेवावी, आणि तासातासाने अर्धा मिनिट बारीक तुषार मारावेत. इन्व्हर्टरवर फॉगरपेक्षा पंख्याला आधी जागा द्यावी.

पाऊस सुरू झाला की हवेतली आर्द्रता आपोआप ७० टक्क्यांच्या वर जाते. तेव्हा बाजूंचे प्लास्टिक एक-एक करून काढावे, सकाळची आणि संध्याकाळची फवारणी दीड-दोन मिनिटांवर आणावी आणि पिल्लाने पाणी प्यावे एवढ्यासाठीच ती करावी. पावसाळ्यात फांद्यांवर पांढरी बुरशी दिसली तर फांदी फेकून द्यावी. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पुन्हा दुपारचे थेंब सुरू करावेत.

अन्नातून मिळणारे पाणी आणि प्रकाश

पिल्लाच्या शरीरात जाणारे बरेचसे पाणी कीटकांच्या पोटातून येते. रातकिडे किंवा डुबिया झुरळे खायला देण्याआधी चोवीस तास त्यांना शेवग्याचा पाला, मेथी, गाजर आणि लाल भोपळ्याचे तुकडे द्यावेत. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असते आणि तो आपल्याकडे दारात मिळतो. फक्त कोरडा भुसा खाल्लेला रातकिडा म्हणजे पिल्लासाठी कोरडे टरफल. कीटकाची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी आणि वाढत्या पिल्लाला रोज दहा-बारा लहान कीटक लागतात. शेतातून नाकतोडे पकडून आणण्याचा मोह आवरावा: जुलैपासून कापूस, सोयाबीन आणि तुरीवर फवारण्या चालू असतात आणि जिवंत दिसणारा नाकतोडाही औषध अंगात घेऊन फिरत असतो. काजवे तर सरड्यांसाठी जिवावर बेतणारे विष आहेत.

कीटकांवर रोज डी-३ जीवनसत्त्व नसलेले कॅल्शियम हलके भुरभुरावे आणि पंधरा दिवसांतून एकदा डी-३ व अ जीवनसत्त्व असलेली पूड द्यावी. यूव्हीबीची लांब टी-५ नळी बसण्याच्या फांदीपासून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर लावावी आणि वर्षभरात बदलावी, कारण तिचा प्रकाश दिसत राहिला तरी उपयोगी किरण कमी होतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. सकाळी नऊच्या आत, अर्धी सावली असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात वीस मिनिटे खरे ऊन मिळाले तर उत्तम, पण तेवढा वेळ तेथून हलू नये.

खुणा ओळखणे आणि तातडीचे उपाय

रोज सकाळी विष्ठा पाहण्याची सवय लावावी. तिच्यातला चुन्यासारखा घट्ट भाग म्हणजे युरेट (मूत्राचा घट्ट अंश), तो पांढरा असायला हवा. टोकाला किंचित पिवळा असेल तर काळजीचे कारण नाही. पूर्ण पिवळा असेल तर त्या दिवसापासून फवारणीचा वेळ वाढवावा, आणि नारिंगी व कोरडा असेल तर शरीरात पाणी खूपच कमी आहे असे समजावे. खोल गेलेले डोळे, दिवसा मिटलेले डोळे, तोंडात चिकट धागे, त्वचेवर न मिटणाऱ्या सुरकुत्या आणि बोटांवर किंवा शेपटीवर अडकलेली कात या पुढच्या खुणा आहेत. ही तूट लांबली तर मूत्रपिंडे निकामी होतात आणि सांध्यांत युरिक आम्ल साचते, जे नंतर पाणी पाजून निघत नाही.

सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान डिजिटल काटा घ्यावा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पिल्लाला काडीसकट ठेवून वजन घ्यावे व काडीचे वजन वजा करावे. वाढत्या पिल्लाचे वजन आठवड्याला वाढले पाहिजे. ते कमी झाले तर कारण शोधण्यासाठी महिनाभर थांबू नये.

तूट सौम्य असेल आणि पिल्लू शुद्धीवर, फांदी घट्ट धरून असेल तर घरी एक उपाय करता येतो. कुंडीतले झाड न्हाणीघरात ठेवून पिल्लाला त्यावर बसवावे आणि कोमट पाण्याचे बारीक तुषार समोरच्या भिंतीवर मारावेत, म्हणजे त्यांचा हलका शिडकावा पानांवर पडेल. वीस ते तीस मिनिटे हे चालवावे आणि एकदाही पिल्लाला एकटे सोडू नये. पाण्याच्या जोराचा धक्का लागला किंवा पिल्लाने तोंड वासले तर लगेच थांबावे. सिरिंजने बळेच तोंडात पाणी घालणे सर्वांत धोकादायक आहे: श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागे अगदी जवळ असते आणि चुकीच्या थेंबाने पाणी फुप्फुसांत जाते. माणसांचे ओआरएस किंवा साखरपाणीही देऊ नये.

पिल्लू दिवसा डोळे मिटून बसत असेल, श्वास घेताना टकटक आवाज येत असेल, नाकातोंडातून बुडबुडे निघत असतील, थंड जागेतही तोंड उघडे ठेवत असेल किंवा फांदीवरून घसरत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. परभणी आणि उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण गावोगावचे बहुतेक पशुवैद्यक गुराढोरांवर उपचार करणारे असतात. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर जवळच्या शहरात कोण आहे हे पिल्लू घरी येण्याआधीच दूरध्वनीने विचारून ठेवावे. तिकडे नेताना हवेची भोके असलेला लहान डबा, आत आडवी काडी आणि ओला कागदी रुमाल एवढी तयारी पुरते. मे महिन्यात हा प्रवास पहाटे किंवा रात्री करावा आणि डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत सोबत न्यावी, कारण परजीवी आणि पाण्याची तूट या दोन्हींची माहिती त्यातून मिळते, आणि मागील आठवड्यांच्या वजनांची व आर्द्रतेची वहीही सोबत न्यावी.

पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले आणि वजन स्थिर गतीने वाढत असेल तर दहा-अकराची फवारणी प्रथम बंद करावी, दोन आठवडे युरेटचा रंग पाहावा आणि तो पांढरा राहिला तरच दुपारच्या थेंबांचा वेळ कमी करावा. मार्च ते जून या महिन्यांत मात्र वय कितीही असले तरी दुपारचे थेंब बंद करू नयेत.